बाप्तिस्म्याचे शब्द : घाबरून दुसऱ्यांदा पाण्यात उतरू नकोस

जय ख्रिस्त. सोलापुरातल्या विडी घरकुल वस्तीतल्या प्रार्थनेत शेजारच्या कुणी तुला म्हणालं, ‘पिता, पुत्र, पवित्र आत्मा’ म्हणून घेतलेला बाप्तिस्मा फुकट गेला, ‘येशूच्या नावाने’ पुन्हा घे. आपल्याकडे हे नवीन नाही. मंडळीतल्या निम्म्या पोरांना कधी ना कधी हे ऐकायला मिळतंच.

आधी बायबलमधली वचनं स्वतः वाच. मत्तय २८:१९ मध्ये प्रभूची आज्ञा त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असलेल्या एकाच देवाच्या, नावाने आहे. प्रेषितांची कृत्ये २:३८, ८:१६, १०:४८ आणि १९:५ इथे मात्र येशूच्या नावाचा उल्लेख येतो. पुन्हा बाप्तिस्मा घे म्हणणाऱ्यांचं म्हणणं हवेतलं नाही, एवढं मान्य कर. पण ही वचनं पाण्यात उच्चारायचे नेमके शब्द सांगतात, की कुणाच्या अधिकाराने बाप्तिस्मा दिला ते? बहुतेक मंडळ्या दुसरा अर्थ घेतात, मीही. ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती लेखातही त्रैक्याचेच शब्द आहेत. ‘फक्त येशू’ हा आग्रह पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) लोकांत १९१३ नंतर अमेरिकेत पसरला, आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड ही त्यांची मंडळी त्यावरूनच फुटली.

कॅथलिक मंडळी शब्दांबाबत फारच काटेकोर : ‘मी’ऐवजी ‘आम्ही बाप्तिस्मा देतो’ म्हटलं तर तो अवैध, असं रोमने २०२० मध्ये जाहीर केलं. ऑर्थोडॉक्स पाळक तर ‘मी’ म्हणतच नाहीत. ‘देवाचा हा सेवक बाप्तिस्मा पावत आहे’ म्हणतात.

वाद घालत बसू नकोस. खरा प्रश्न शब्दांचा नाही, त्रैक्य मानायचं की नाही याचा आहे, तो घेऊन आपल्या पाळकांकडे जा. आणि हो, त्या शेजाऱ्यांशी बोलणं तोडू नकोस.