'इंटिमेट' म्हणजे जवळचा ना? मग 'यू विल बी इंटिमेटेड' म्हणजे काय?

मुलाखतीनंतर आलेल्या मेलमध्ये 'सिलेक्टेड कँडिडेट्स विल बी इंटिमेटेड' असं वाक्य होतं, शब्दकोशात पाहिलं तर 'घनिष्ठ, जिव्हाळ्याचा' असा अर्थ निघाला आणि तुम्ही चक्रावलात, असा तुमचा प्रश्न आहे. वाक्याचा अर्थ साधा आहे: ज्यांची निवड होईल त्यांना कळवण्यात येईल. घाबरण्यासारखं काही नाही, लाजण्यासारखंही नाही.

मी बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. तिथे हा शब्द चहासारखा दिवसातून दहा वेळा यायचा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुळात हे दोन शब्द आहेत, स्पेलिंग एक. विशेषण असेल तेव्हा शेवट 'मट' असा आखूड करतात, इंटिमट. क्रियापद असेल तेव्हा 'मेट' लांबवतात, इंटिमेट. 'एस्टिमेट' आणि 'सेपरेट' या शब्दांचंही असंच होतं. आपण सगळीकडे 'मेट'च म्हणतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. दोन्हींचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'इन्तिमुस' म्हणजे सगळ्यांत आतला. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ आत पोचवणे, आणि पुढे कळवणे, जाहीर करणे. गंमत अशी, की इंग्रजीत कळवण्याचा अर्थ आधी आला, सोळाव्या शतकात. जवळिकीचं विशेषण सतराव्या शतकातलं. म्हणजे आपल्या कार्यालयांनी शब्द बिघडवला असं जे म्हणतात, ते खरं नाही. उलट आपण जुना अर्थ जपून ठेवला आहे.

इंग्लंडमध्ये मात्र हे क्रियापद मधल्या काळात हळू आवाजात बोलायला लागलं. तिथल्या वर्तमानपत्रात मंत्र्याने राजीनामा 'इंटिमेट' केला असं आलं, तर त्याने तो दिला असा अर्थ होत नाही. आपल्या पेपरांच्या भाषेत त्याने 'सूतोवाच केलं', 'संकेत दिले'. स्पष्ट न सांगता सुचवलं. स्कॉटलंडमध्ये जुना अर्थ टिकून आहे. तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ज्या घोषणा वाचून दाखवतात, त्यांना आजही 'इंटिमेशन्स' म्हणतात.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्या 'सूचना' शब्दाकडे बघा. संस्कृत 'सूच्' म्हणजे दाखवून देणे. त्यातून 'सूचक हसू' आलं, जिथे बोलायचं काहीच नसतं. त्यातूनच फळ्यावरची 'सूचना' आली, जिथे सगळं ठणकावून लिहिलेलं असतं. सोसायटीच्या सभेत ठराव मांडणारा 'सूचक' तर तिसराच. हिंदीत हाच शब्द नुसत्या माहितीसाठी वापरतात, म्हणून त्यांचा 'सूचना का अधिकार' आणि आपला 'माहितीचा अधिकार'. सुचवणे आणि कळवणे ही चुलत भावंडं आहेत, कोणत्याही भाषेत एकमेकांचे कपडे घालून फिरतात.

आता हा शब्द आपल्याकडे जगतो कुठे, ते. विम्यात 'क्लेम इंटिमेशन' म्हणजे अपघात, आजारपण किंवा मृत्यू झाल्यावर कंपनीला दिलेली पहिली खबर. हा दावा नव्हे. दाव्याचे कागद नंतर येतात. लोक 'मी इंटिमेशन दिलंय' म्हणून निवांत बसायचे आणि तीन महिन्यांनी 'पैसे का नाही आले' म्हणून भांडायला यायचे. दोष त्यांचा नव्हता, आम्ही तो शब्द मराठीत कधी सांगितलाच नव्हता.

आणि जिथे मराठीत सांगितला तिथे घोळ झाला. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. गारपीट झाली, शेत पाण्याखाली गेलं, तर ७२ तासांच्या आत कळवायचं असा तिच्यात नियम. या 'इंटिमेशन'चं मराठी झालं 'पूर्वसूचना'. बातम्यांत सर्रास यायचं, इतक्या शेतकऱ्यांनी नुकसानीच्या पूर्वसूचना दिल्या. अहो, पीक आडवं झाल्यावर कसली पूर्वसूचना? शेतकरी काय गारांना आधी भेटून आला होता? नुकसानभरपाईच्या मागणीआधीची सूचना, असं कुणीतरी मनात धरलं असावं. साधं 'खबर' म्हटलं असतं तर भागलं असतं. पोलिसांनी 'पहिली खबर' म्हटलंच की.

पण या शब्दाची सगळ्यांत मोठी करामत मुंबईत आहे. इमारत बांधायची तर महापालिकेकडून आधी 'आयओडी' लागते. पूर्ण नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. शब्दशः, नामंजुरी कळवत आहोत! १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातल्या कलम ३४६ खाली ती मिळते. तुमचा नकाशा आहे तसा मंजूर नाही, या या अटी पूर्ण करा, मग पुढे या, असा तिचा सूर. व्यवहारात तिला सशर्त परवानगीच मानतात. अटी भागल्या की १९६६ च्या नगररचना कायद्याखाली 'सीसी', म्हणजे काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, आणि मग पाया खणायचा. माझ्या मावशीची सोसायटी पुनर्विकासात सात वर्षं अडकली होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला, 'अरे, आयओडी आली, पेढे वाटतोय आम्ही.' मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, 'गप रे, तुझं इंग्लिश तुझ्यापाशी ठेव.' बरोबरच होतं तिचं. मुंबईत नामंजुरीचे पेढे वाटतात, आणि ते खरेच असतात.

घरासाठी कर्ज घेतलं असेल तर अजून एक भेटतं, 'नोटीस ऑफ इंटिमेशन', बँकवाल्यांच्या बोलीत एनओआय. घराचे मूळ कागद बँकेकडे गहाण ठेवले, हे दुय्यम निबंधकाला ३० दिवसांत कळवायचं असतं.

आयकराचं इंटिमेशन तर दरवर्षी हजारो लोकांची झोप उडवतं. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी ते १९६१ च्या कायद्यातल्या कलम १४३(१) खालचं. बेंगळुरूच्या केंद्रातून मेल येतो आणि माणूस 'नोटीस आली' म्हणून सीएकडे धावतो. बहुतेकदा ते फक्त कळवणं असतं: तुमचं गणित हे, आमचं हे. दोन्ही जुळलं तर विषय संपला. जादा भरलं असेल तर परतावा. मात्र त्यात देणं निघालं असेल तर ते मागणीपत्र धरलं जातं, म्हणून न उघडता डिलीट करू नका. फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला चिकटून जन्मतारीख.

तुम्ही स्वतः लिहिताना काय करायचं? भारतातल्या बँकेला, विमा कंपनीला, सरकारी कचेरीला 'प्लीज इंटिमेट' लिहा, कुणी भुवई उंचावणार नाही. परदेशी माणसाला लिहिताना टाळा. मी एकदा लंडनच्या एका बाईंना 'काइंडली इंटिमेट युअर डिसिजन' असं लिहिलं होतं. त्यांनी सभ्यपणे विचारलं, निर्णय स्पष्ट सांगू की नुसता सुचवू? तेव्हापासून तिकडे 'लेट अस नो'.

व्याकरणाची एक खोच आहे. इंग्रजीत गोष्ट इंटिमेट करतात आणि माणसाला इन्फॉर्म करतात. 'ही इंटिमेटेड हिज डिसिजन टु अस' बरोबर, 'ही इंटिमेटेड अस' खटकतं. आपली चूक का होते तर मराठीत 'निर्णय कळव' आणि 'त्याला कळव' दोन्ही चालतं. त्या हिशेबाने तुमच्या मेलमधलं वाक्यही काटेकोर इंग्रजीत बसत नाही, पण ते लिहिणाऱ्या एचआरला हे कळवायच्या भानगडीत नोकरी लागेपर्यंत तरी पडू नका.

आणि 'इंटिमिडेट'पासून जपा. तो धमकावणे. आमच्या एका टंकलेखकाने विमाधारकाला पत्र धाडलं, तुम्हाला लवकरच पोस्टाने 'इंटिमिडेट' करण्यात येईल. गृहस्थ पत्र घेऊन थेट काउंटरवर आले आणि म्हणाले, 'पोस्टाने कशाला, मीच आलोय, घाला धमकी.' आमच्या साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि दावा त्याच आठवड्यात निघाला.

तर मेलची वाट बघा, आणि अधूनमधून स्पॅमचा कप्पाही उघडत जा. आमच्या भाचीचं इंटिमेशन तिथे नऊ दिवस पडून होतं.