वेल्श भाषेत राउटरला काय म्हणतात, आणि तसं खरंच कुणी म्हणतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डिप्लोमाच्या मुलांसाठी कॉम्प्युटर नेटवर्कच्या नोट्स मराठीतून लिहिताय. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा), राउटर (डेटाला वाट दाखवणारं यंत्र), गेटवे (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जायचं दार) हे शब्द तसेच ठेवायचे की मराठी घ्यायचे, यावर अडलाय. ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्शसारख्या लहान भाषेनं हे कसं केलं आणि ते शब्द लोक वापरतात का, हे तुम्हाला हवंय.

वापरतात, पण सगळीकडे नाही. कुठे आणि का, ते सांगते.

मी अकरा वर्षं वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, नेटवर्कचंच काम करते. कामावर सगळं इंग्रजीत चालतं. वेल्श संज्ञा आमच्या घरात आल्या त्या लेकीच्या दप्तरातून, कारण ती वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे. एकदा गृहपाठात घरातल्या नेटवर्कचं चित्र काढायचं होतं. तिनं जिन्याखालचा राउटर काढला, त्याचे दोन अँटेना काढले आणि खाली लिहिलं 'ल्हुइब्रिद'. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "अगं आई, वाट दाखवणारा." ल्हुइब्र म्हणजे पायवाट. शेवटचा '-इद' म्हणजे ते काम करणारा. हाच प्रत्यय सर्व्हरच्या 'ग्वेइनिद'मध्ये आहे. ग्वेइनी म्हणजे वाढणं, सेवा करणं, आणि हॉटेलात वाढणारा माणूसही ग्वेइनिदच. भाषांतरकारालाही तोच प्रत्यय लागतो. म्हणजे मुलाला नवीन शब्द पाठ करावा लागत नाही, ओळखीच्या दोन तुकड्यांतून तो उलगडतो.

मला सगळ्यात आवडतो तो ब्राउझर. वेल्शमध्ये 'पोरुर'. पोरी म्हणजे चरणं. इथे डोंगरउतारांवर मेंढ्या दिवसभर जे करतात तेच. इंग्रजी ब्राउझचाही मूळ अर्थ पाला खाणं असाच होता, पण इंग्रजी बोलणाऱ्याला आज तो आठवत नाही. वेल्श बोलणाऱ्याला तो खिडकीतून दिसतो.

नेटवर्क म्हणजे 'ऱ्हुइडवाइथ'. ऱ्हुइड म्हणजे मासेमारीचं जाळं, वाइथ म्हणजे काम. (हा ऱ्ह आपल्या कऱ्हाडातल्या ऱ्हच्या अगदी जवळचा. इथे आल्यावर मला पहिला जमलेला वेल्श उच्चार तोच.) इंटरनेट म्हणजे 'ऱ्हंगरुइड', मधलं जाळं. वेब म्हणजे 'ग्वे', विणलेलं कापड किंवा कोळिष्टक. वायरलेसला 'डीविव्र' म्हणतात: 'डी' म्हणजे बिन, 'ग्विव्र' म्हणजे तार. आपला बिनतारी शब्द पोलिसांच्या बिनतारी संदेशापुरता उरला, त्यांचा वायफायपर्यंत पोचला. पासवर्डला 'कव्रिनाइर', गुप्त शब्द. आपल्याकडे परवलीचा शब्द होताच, पहारेकऱ्यांच्या तोंडचा, आणि तो आपण सोडून दिला याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता जिथे हे जमत नाही ते बघू, कारण तुमच्या नोट्सना त्याचाच उपयोग जास्त.

'पॉर्थ' हा शब्द घ्या. वेल्शमध्ये पॉर्थ म्हणजे दरवाजा, वेस. आणि पॉर्थ म्हणजेच बंदर. पॉर्थकॉल, पॉर्थमॅडॉग ही समुद्रकाठची गावं त्यावरूनच. लॅटिनमधले दोन वेगळे शब्द वेल्शमध्ये येऊन एकसारखे झाले. आता नेटवर्किंगमध्ये पोर्टसाठी (म्हणजे केबल खुपसायच्या खाचेसाठी) पॉर्थ, गेटवेसाठी पॉर्थ, वर पोर्टलसाठीही पॉर्थ. एका कार्यालयानं घरून काम करणाऱ्यांसाठी दुभाषी मदतपत्रक काढलं होतं आणि तांत्रिक बाजू तपासायला ते माझ्याकडे आलं. इंग्रजीत साधं वाक्य होतं: केबल गेटवेच्या पोर्टमध्ये घाला. वेल्शमध्ये ते झालं होतं 'केबल पॉर्थच्या पॉर्थमध्ये घाला'. चूक कुठलीच नाही, आणि अर्थही कुठला नाही. भाषांतरकार बाई आणि मी अर्धा तास त्या एका ओळीवर बसलो. शेवटी पोर्टच्या जागी 'सॉकेट' घेतलं आणि गेटवेच्या जागी 'छोटा काळा डबा'. मदतपत्रकाला ते चाललं. पाठ्यपुस्तकात चालणार नाही, कारण नेटवर्किंगमध्ये सॉकेट म्हणजे पुन्हा तिसरंच काहीतरी. म्हणून संज्ञा एकेकटी ठरवू नका. पोर्ट, गेटवे, पोर्टल, सॉकेट ही सगळी भावंडं एका कागदावर मांडून मगच प्रत्येकाचं नाव ठरवा.

दुसरी अडचण व्याकरणाची. वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. पॅकेटला 'पेकिन' म्हणतात. एक पॅकेट: ईन पेकिन. दोन: डाय बेकिन. तीन: ट्री फेकिन. चार आणि पाचला परत पेकिन, सहाला ख्वे फेकिन. आणि माझं पॅकेट म्हणायचं तर व म्हेकिन, अगदी आपल्या म्हशीतला म्ह! आता सॉफ्टवेअरला 'इतकी पॅकेट हरवली' असा संदेश दाखवायचाय. इंग्रजीला एकवचन आणि अनेकवचन अशी दोन रूपं पुरतात. वेल्शसाठी युनिकोडच्या (कॉम्प्युटरवरच्या लिप्यांचं जागतिक मानक) भाषा-माहितीकोशात सहा वर्ग आहेत: शून्य, एक, दोन, तीन, सहा आणि बाकी सगळे. प्रोग्रामरनं हे आधी धरलं नसेल तर शब्द कितीही सुंदर असो, पडद्यावर चुकीचंच येतं. मराठीत ही कटकट वेगळ्या जागी आहे. आपलं अडतं विभक्तीपाशी. सर्व्हरला, सर्व्हरवर, सर्व्हरमधून हे सहज जातं. नवा घडवलेला शब्द असाच सगळ्या विभक्तींत फिरवून बघा. जिथे जीभ अडखळेल तो शब्द मुलं टाकून देतील.

हे शब्द ठरवतं कोण? मुख्य काम बॅंगर विद्यापीठाच्या कनॉल्वान बेडविर या केंद्रात होतं. शाळांसाठीचा त्यांचा संज्ञाकोश १९९८ मध्ये आला, आता सगळं ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यांची पद्धत मला पटते: आधी संकल्पनेची व्याख्या, मग विषयातला माणूस आणि भाषेतला माणूस एकत्र बसून एकच प्रमाण संज्ञा. पर्यायांची यादी देऊन मोकळं व्हायचं नाही. तरी सगळं सुटतं असं नाही. फायरवॉलला कुणी 'मीर ग्वार्खोड', राखण करणारी भिंत, लिहितं, तर कुणी 'वाल डान', म्हणजे शब्दशः आगीची भिंत. मला पहिला बरा वाटतो, त्यात भिंत काय करते ते कळतं.

आणि वापर. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, वेल्समधल्या तीन वर्षं आणि त्यावरच्या लोकांपैकी १७.८ टक्के. एवढ्या लोकांत हे शब्द टिकले ते परीक्षेमुळे आणि कायद्यामुळे. कॉम्प्युटर सायन्सची प्रश्नपत्रिका वेल्शमधूनही निघते, म्हणून शिक्षकाला आणि परीक्षकाला तोच शब्द लागतो. १९९३ चा कायदा आणि २०११ चा नवा यांमुळे सरकारी संस्थांना वेल्शमधून सेवा द्यावी लागते, म्हणून संकेतस्थळावर रोज कव्रिनाइर विचारला जातो. बोलण्यात मात्र सरमिसळ आहे. लेकीच्या मैत्रिणी ग्वेवान (वेबसाइट) आणि ई-बॉस्ट सहज म्हणतात. पण वायफाय बंद पडलं की वायफायच बंद पडतं, आणि राउटर पुन्हा चालू कर असंच ओरडतात. ल्हुइब्रिद वहीत राहतो. मला त्यात काही वावगं दिसत नाही. वहीतही शब्द लागतोच.

शेवटी पॅकेटबद्दल, कारण तुम्ही तिथेच अडलाय. हा शब्द नेटवर्किंगला दिला तो डोनाल्ड डेव्हिस यांनी. वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या ट्रिऑर्की गावी १९२४ मध्ये जन्मलेला माणूस. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात त्यांनी निरोपाचे छोटे तुकडे करून पाठवायची कल्पना मांडली. त्या तुकड्याला नाव देताना, इतर भाषांत याला जवळचा शब्द सापडेल ना, हे त्यांनी भाषातज्ज्ञांना विचारून घेतलं होतं. मराठीत तो सापडतो: पाकीट. वर पत्ता, आत मजकूर. हेडर आणि पेलोड शिकवायला याहून सोपं काय हवं? 'पाकीट हरवलं', 'पाकिटावरचा पत्ता', 'पाकिटं उलटसुलट पोचली' हे सगळं लिहून बघा, कुठेही अडत नाही. मी तुमच्या जागी असते तर राउटर राउटरच ठेवला असता आणि पॅकेटचं पाकीट केलं असतं. तो धडा झाला की इथेच उत्तराखाली टाका, मी लेकीला शेजारी बसवून वाचेन.