क्रोशा शिकताना: वाचकांचे प्रश्न

थंडी पडू लागली आणि लग्नसराई जवळ आली की सातारा-सांगलीकडून क्रोशाविषयीची पत्रं वाढतात. कुणाला रुखवतात तोरण मांडायचं असतं, कुणाला नातवंडाला टोपी करायची असते. या वेळची बरीच पत्रं पहिल्यांदाच सुई धरणाऱ्यांची आहेत, म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब दिली आहेत. टाक्यांची नावं घरोघरी चालतात तीच ठेवलीत: साखळी, मग उंचीने चढत जाणारे मुका खांब, अर्धा खांब, खांब.

मी साताऱ्यात कॉलेजला आहे. राजवाड्याजवळच्या दुकानात सुया आणि लोकरी इतक्या दाखवल्या की काहीच न घेता परत आले. ऑनलाइन शंभर नगांचा किट स्वस्त दिसतोय. तो घेऊ का?
– वाचक, सातारा

किट घेऊ नका. त्यातल्या बहुतेक सुया वर्षभर डब्यातच राहतात आणि स्वस्त किटमधल्या सुयांच्या आकड्याला कडा राहिलेल्या असतात. त्या कडांत दोरा अडकून फाटतो आणि नव्या माणसाला वाटतं, आपलंच चुकतंय.

४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची एकच सुई घ्या. आकड्याच्या आतून नख फिरवून पाहा, कुठे खरखर लागता कामा नये. सुईचा नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुयांमध्ये नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, त्यामुळे नंबरावरून घेतलेली सुई हमखास चुकते. मिलिमीटरचा आकडा बहुधा सुईवरच कोरलेला असतो.

लोकर एकरंगी, फिक्या रंगाची, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची हवी. लेबलवर ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली असेल तर ती तुमच्यासाठी योग्य. काळा, गडद निळा, मरून हे रंग आत्ता नकोत, कारण त्यात टाके दिसत नाहीत. केसाळ लोकरही नको, तिच्यात टाकेही दिसत नाहीत आणि ती उसवताही येत नाही. शिकताना तर विणण्याइतकंच उसवावं लागतं. याखेरीज कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि चार सेफ्टी पिना घेतल्या की खरेदी संपली.

आणखी एक. दुकानात सगळ्यालाच ‘लोकर’ म्हणतात, पण त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. शिकायला ॲक्रिलिक चांगलंच, फक्त काय घेतलं ते माहीत असावं. शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. म्हणूनच ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधी फिरवू नये. टाके चपटे होतात ते पुन्हा उठत नाहीत.

ताई, मी आयताकृती रुमाल विणायला घेतला होता, पण वर जाता जाता तो त्रिकोणी झाला. पुन्हा केला तर वरच्या बाजूला रुंद झाला. विण तर नीट दिसते. मग चुकतंय कुठे?
– वाचक, वाई

विण नीट असूनही कडा चुकतात, कारण गडबड होते ती ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात. मधले टाके कुणाचेच फारसे चुकत नाहीत.

मुक्या खांबाचा २० टाक्यांचा तुकडा धरू. सरकगाठ मारा आणि २१ साखळ्या घाला. सुईवरचा फास साखळीत मोजायचा नाही. सुईकडून दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन फास झाले. पुन्हा दोरा घेऊन दोन्ही फासांतून एकदम काढा. हा एक मुका खांब. असे २० भरतील. आता १ साखळी घाला, काम उलटवा आणि सुई अगदी पहिल्या टाक्यातच घाला. ही एक साखळी नुसती उंचीसाठी असते, ती टाका म्हणून धरत नाहीत. ओळीच्या वरच्या कडेला टाक्यांची इंग्रजी ‘व्ही’सारखी रांग दिसते. सुई त्या ‘व्ही’च्या दोन्ही पायांखालून जायला हवी.

खांबाचा, म्हणजे सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्याचा, हिशोब वेगळा आहे आणि तुमचा रुमाल बहुधा खांबाचाच असणार. खांबाची ओळ सुरू करताना ३ साखळ्या घालतात आणि त्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरतात. म्हणजे पहिल्या ‘व्ही’वर एक खांब आधीच उभा आहे. तिथे आणखी एक घातलात तर प्रत्येक ओळीत एक टाका वाढतो आणि रुमाल वर रुंद होतो. उलट, ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत शेवटचा खांब यायला हवा. ती साखळी कडेला वळून लपते, दिसत नाही, म्हणून सुटते आणि प्रत्येक ओळीत एक टाका कमी होतो. २० टाक्यांचा तुकडा २० ओळींत टोकाला येतो तो असा. तुमच्याकडून पहिल्या वेळी शेवटचा टाका सुटला असणार आणि दुसऱ्या वेळी पहिला दोनदा पडला असणार.

उपाय सेफ्टी पिनेचा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत पिन लावून ठेवा. परत येताना शेवटचा खांब त्या पिनेच्या जागीच घाला, मग पिन वर सरकवा. आणि प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. पाच ओळींनंतर नको, प्रत्येक ओळीनंतर. २० टाके मोजायला फार वेळ लागत नाही. पाच ओळी उसवायला लागतो. हाताला सवय झाली की ‘व्ही’ आपोआप ओळखू येतात, मग मोजणं कमी होतं. ते ओळखता येणं म्हणजेच क्रोशा येणं, नमुने पाठ असणं नव्हे.

तुकड्याची फक्त खालची कड आवळली असेल आणि वर तो पंख्यासारखा पसरत असेल, पण टाके बरोबर भरत असतील, तर पहिली साखळी घट्ट झाली आहे. साखळी घालताना ४.५ किंवा ५ मिलिमीटरची सुई वापरा, पहिल्या ओळीपासून पुन्हा ४ वर या.

ताटाखाली ठेवायची गोल मॅट करतेय. एक वाटीसारखी वर आली, दुसरीला झालर सुटली. सपाट कशी राहील?
– वाचक, मिरज

इथे शाळेतलं गणित कामी येतं. वर्तुळाची त्रिज्या १ सेंटिमीटरने वाढली की परीघ साधारण सव्वासहा सेंटिमीटरने वाढतो. मुका खांब जितका उंच तितकाच जवळपास रुंद असतो, म्हणून मुक्या खांबाच्या प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवावे लागतात: ६, १२, १८, २४. खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून खांबाच्या फेरीत १२ वाढतात: १२, २४, ३६, ४८. वाढ यापेक्षा कमी झाली की कड आवळून वाटी होते आणि जास्त झाली की झालर.

खांबाची मॅट अशी चालते. पहिल्या फेरीत रिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या थोड्या साखळ्या जोडून केलेल्या कड्यात, ३ साखळ्या आणि ११ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २. तिसऱ्या फेरीत एकात १, पुढच्यात २. चौथीत दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात २. फेरी स्लिप स्टिचने, म्हणजे उंची नसलेल्या जोडाच्या टाक्याने, जोडता तिथे सावध राहा. तो जोडाचा टाका पुष्कळदा खांब समजून त्यावर विणलं जातं आणि झालर तिथूनच सुरू होते. वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले तर मॅट कोनाकोनाची दिसते, तेव्हा एक फेरी सोडून वाढीची जागा थोडी सरकवा.

हात फार घट्ट किंवा फार सैल असेल तर १२ ऐवजी ११ किंवा १३ ची वाढ बरोबर बसते. त्यात चूक काही नाही. प्रत्येक फेरीनंतर मॅट टेबलावर ठेवून पाहा, जेवणाच्या ताटाएवढी होईपर्यंत थांबू नका.

व्हिडिओत ‘डीसी’ म्हणतात तो खांब, पण घरातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकातला ‘डीसी’ घातला तर नक्षी मोठी होते. कुणाचं खरं?
– वाचक, विटा

दोघांचंही. अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतीत नावं एका पायरीने सरकलेली आहेत. आपला मुका खांब अमेरिकेत ‘एससी’ (सिंगल क्रोशे) आणि ब्रिटनमध्ये ‘डीसी’ (डबल क्रोशे). आपला खांब अमेरिकेत ‘डीसी’ आणि ब्रिटनमध्ये ‘टीआर’ (ट्रेबल). तुमचं पुस्तक ब्रिटिश असावं, आणि त्यातल्या मुक्या खांबाच्या जागी तुम्ही पूर्ण खांब घातलेत. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात कुठेही ‘एससी’ आलं तर तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

शक्य असेल तर चिन्हांचा तक्ता वाचायला शिका. लंबगोल म्हणजे साखळी, अधिक किंवा गुणिलेची खूण म्हणजे मुका खांब, नुसता ‘टी’ म्हणजे अर्धा खांब, त्या ‘टी’च्या दांड्यावर एक तिरकी रेघ असेल तर खांब, दोन असतील तर लांब खांब. जपानी नमुनासुद्धा एक अक्षर न वाचता विणता येतो.

बहिणीच्या रुखवतासाठी तीन फुटी दारावरचं पांढरं तोरण करायचंय, खाली लाल कड. किती साखळ्या घालू आणि दोरा किती लागेल? लग्न माघात आहे.
– वाचक, सांगली

आकडा आम्ही सांगितला तर तो आमच्या हाताचा होईल. तुमच्या हाताचा काढायची रीत अशी. ज्या दोऱ्याने, ज्या सुईने आणि ज्या नक्षीने तोरण करणार, त्यातच १० सेंटिमीटरचा चौकोन विणा. तो धुवा, वाळवा आणि मग मोजा. समजा १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसले. तीन फूट म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर, म्हणजे २१६ टाके. नक्षी १२ टाक्यांनी पुन्हा येत असेल आणि शेवटी एक टाका जास्त लागत असेल, तर २१७ टाके. पहिली ओळ खांबाची असेल तर साखळ्या २ जास्त, म्हणजे २१९. त्यावर आणखी दहा घाला. मोजताना चुकलं तरी उरलेल्या साखळ्या सरकगाठीच्या टोकाकडून उसवता येतात. कमी पडल्या तर मात्र सगळं पहिल्यापासून. दर २० साखळ्यांना रंगीत दोऱ्याची खूण बांधली की मोजणी सोपी होते.

दोऱ्यासाठी तोच चौकोन वजन करा, सोनाराच्या किंवा दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर. समजा ४ ग्रॅम भरला. तोरण ९० बाय २५ सेंटिमीटर असेल तर ते साडेबावीस चौकोनांएवढं, म्हणजे ९० ग्रॅम. पाचवा हिस्सा वर धरून ११० ग्रॅम घ्या, आणि सगळा एकदम, लेबलवरचा लॉट नंबर एकच पाहून. पांढऱ्यातही छटा असतात आणि दारावर उन्हात त्या दिसतात.

लाल दोऱ्याची परीक्षा आधी घ्या. तुकडा कोमट साबणपाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा तोरणाला नको, कारण पहिल्याच धुण्यात पांढरा भाग गुलाबी होईल.

तयार तोरण धुऊन टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. मग सतरंजीवर पिनांनी ताणून आकार द्या. मोठा चमचाभर साबुदाणा दोन कप पाण्यात शिजवून गाळलेली पातळ खळ दिली की नक्षी उठून दिसते. मात्र लग्नानंतर पेटीत ठेवताना खळ धुऊन काढा. खळीवर कसर आणि झुरळं येतात, आणि पावसाळ्यात बुरशीही.

माघापर्यंत वेळ आहे, पण हे तुमचं पहिलंच काम असेल तर सलग तोरणाऐवजी साडेसात सेंटिमीटरची १२ चौकोनी फुलं करून जोडा. एक फूल बिघडलं तर एकच उसवावं लागेल.

पाचगणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे. नातीला टोपी करायची आहे, ती आत्ता सहा महिन्यांची. माप कसं धरू?
– एक आजी, पाचगणी

आजी, टोपीही गोल मॅटसारखीच सुरू होते, फक्त वाढवणं कधी थांबवायचं ते कळायला हवं. डोक्याचा घेर मोजा. सहा महिन्यांच्या बाळाचा तो साधारण ४३ सेंटिमीटर असतो. टोपी थोडी ताणून बसावी म्हणून २ वजा करा, ४१ राहिले. त्याला ३.१४ ने भागा. साधारण १३ सेंटिमीटर व्यासाचा गोल झाला की वाढ बंद, पुढे प्रत्येक टाक्यात एकच टाका.

जाळीची नक्षी नको, बाळाची बोटं अडकतात. बंद, मणी, बटणं नकोत. लोकर विकत घेताना गालावर घासून पाहा. आपल्या गालाला टोचते ती तिच्या कपाळाला टोचणारच. नात सांगलीकडे उन्हात जाणार असेल तर तिथल्यासाठी सुती टोपी वेगळी करा.

निवृत्त आहे, डावखुरा आहे, शिकायची हौस आहे. अर्ध्या तासात अंगठा दुखतो.
– वाचक, कराड

डाव्या हातात सुई धरा, काम डावीकडून उजवीकडे जाईल. व्हिडिओ आरशासारखा उलटवून पाहता येतो. शिकवणारी व्यक्ती समोर असेल तर शेजारी न बसता समोरासमोर बसा. अंगठा दुखतो तो सुई आवळून धरल्याने. जाड मुठीची सुई घ्या, दोरा करंगळीभोवती एक वेढा देऊन सोडा म्हणजे ताण बोटांवर येतो, आणि वीस मिनिटांनी हात मोकळे करा. रात्री बोटं बधिर होत असतील तर सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

संक्रांतीच्या वाणासाठी शेजारणी मॅट मागतात. पैसे किती सांगू? बाजारात लेसची मॅट फार स्वस्त मिळते.
– वाचक, तासगाव

बाजारातली ती लेस यंत्रावरची विण असते, क्रोशासारखी दिसणारी. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या बायकांच्या हातांच्या कामालाच. तेव्हा यंत्राच्या भावाशी तुमचा भाव लावू नका.

एक मॅट घड्याळ लावून करा. समजा अडीच तास लागले आणि तासाचे तुम्ही ६० रुपये धरलेत, तर मजुरी १५०. दोरा वजनावरून काढा, समजा ४० रुपये. १९० झाले. वाणासाठी वीस मॅट मागणाऱ्या शेजारणीला एवढे जड वाटतील, हे खरं. मग मजुरी कमी करू नका, वस्तू लहान करा: तांब्यावरचं झाकण, निरांजनाखालची चार फेऱ्यांची चकती. चकती वीस मिनिटांत होते, म्हणजे मजुरी २० रुपये, वर दोऱ्याचे पाच-सात. आणि वीस नगांचं काम घेतलंत तर दोऱ्याचे पैसे आधी घ्या.