‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नक्की कोण घेत नाही?

प्रश्न : आमच्याकडे गेली अठरा वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी तीन वेळा रेशन दुकानात जावे लागले. साबण-सोड्याने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे त्यांचा अंगठा लागत नाही आणि दुकानदार ‘सिस्टीम घेत नाही, मी काय करू?’ एवढेच म्हणतो. प्रत्येक खेपेला त्यांचा खाडा झाला. त्याच आठवड्यात माझ्या सुनेने आयकराचे विवरणपत्र रात्रीच्या जेवणानंतर मोबाईलवर भरून टाकले. दोघींच्या मताची किंमत सारखीच असते, असे मी तीस वर्षे नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवले. ते खोटे होते का?
— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : बाई, आपण शिकवलेले खोटे नव्हते; ते अर्धे होते. उरलेले अर्धे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगून ठेवले होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० पासून प्रवेश करणार आहोत आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोकच राजकीय लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता.

त्या विसंगतीचे आजचे माप पाहायचे असेल, तर आर्थिक विषमता मोजणाऱ्या ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’ या संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज पाहावा. २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. दुसऱ्या टोकाला, आपल्या राज्यात शहरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५९ हजार रुपयांच्या आत असेल, तरच त्याला प्राधान्य कुटुंब म्हणून माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत, आणि त्यातून तीन खाडे.

तथापि जुन्या खिडकीचे गोडवे गाण्याची माझी तयारी नाही. संगणकापूर्वीच्या काळात शिधापत्रिकेवर एक नाव चढवण्यासाठी ज्यांनी परिमंडळ कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना ‘साहेब जेवायला गेलेत’ या वाक्याची आणि टेबलाखालच्या व्यवहारांची चव ठाऊक आहे. घरबसल्या सातबारा पाहता येऊ लागला, ही लहान गोष्ट नाही. फरक इतकाच, की अडवणूक करणाऱ्या कारकुनाला नाव असे, हुद्दा असे, त्याच्या वर कोणीतरी असे आणि त्याच्याविरुद्ध अर्ज करता येई. ‘सिस्टीम’ला यांपैकी काहीच नाही. दुकानदार म्हणतो यंत्र घेत नाही, कार्यालय म्हणते सर्व्हर वरचा आहे, आणि नकार नेमका कोणी दिला, हे मावशींना कळतच नाही. मत देण्याइतकाच ‘का?’ असे विचारण्याचा आणि त्याचे उत्तर मिळवण्याचा अधिकार हा नागरिकत्वाचा भाग आहे, आणि आज गरिबाच्या हातून सुटतो आहे तो हा अधिकार. सुनबाईंना त्याची झळ लागत नाही, कारण त्यांचा अर्ज अडलाच तर चार्टर्ड अकाउंटंट आहे, ओळखीचा कोणी आहे, निदान इंग्रजीत ईमेल लिहिण्याची सवय तरी आहे.

मला सर्वांत काळजीची वाटते ती पुढची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळत असे. तांबड्या मिलोच्या भाकरीला नाके मुरडत का होईना, मध्यमवर्गीय घरांतील माणसेही पिशव्या घेऊन त्याच रांगेत उभी राहत, आणि रांग एकच असल्यामुळे संतापही एकच होता. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध निघालेल्या लाटणे मोर्चांत चाळीतल्या आणि फ्लॅटमधल्या बायका बरोबरीने होत्या. आता रांग दिसेनाशी झाली आहे. ज्यांच्या आवाजाला वजन आहे, त्यांचा त्या यंत्राशी संबंधच येत नाही. आणि ज्यांचा येतो, ते एकेकटे, आपापल्या अंगठ्यासह त्याच्यापुढे उभे असतात. आपण घरात हे पाहिले म्हणून पत्र लिहिले. शेजारच्या दहा घरांत कोणी विचारलेही नसेल.

त्यात पुण्याची आणखी एक अडचण झाली. अशा वेळी मावशींसारखी माणसे आधी नगरसेवकाच्या कार्यालयात जातात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. तक्रार करायला ॲप होते, पण निवडून दिलेला माणूस नव्हता.

तातडीचे उत्तर असे. आधारमध्ये बोटांच्या ठशांखेरीज डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांवरूनही ओळख पटवता येते, तेव्हा दुकानदार थांबला तरी परिमंडळ कार्यालयात तशी लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. पोच महत्त्वाची, कारण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग अशी वाट आहे, आणि त्या वाटेवर कागद लागतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल केवायसीत अडकणाऱ्या ॲसिडहल्लाग्रस्त आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा. अर्ज आपण लिहावा; आपले अक्षर सुरेख आहे.

प्रश्न : मी दोन वर्षे दुचाकीवरून जेवण पोचवण्याचे काम करतो. गेल्या महिन्यात एका ग्राहकाच्या तक्रारीवरून माझा आयडी चार दिवस ब्लॉक होता. तक्रार काय, हे ॲपने सांगितले नाही आणि मदतीच्या चॅटवर यंत्रच ठरावीक उत्तरे देत राहिले. कंपनी आम्हाला ‘पार्टनर’ म्हणते. मी लोकशाहीत राहतो, पण लॉगिन केल्यावर नाही, असे म्हटले तर चुकेल का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : चुकणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातील कायम कामगाराला गैरवर्तनासाठी काढायचे, तर आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडण्याची संधी आणि शेवटी कामगार न्यायालय, असे टप्पे असतात. ते कामगारांनी लढून मिळवले. आरोप ज्याच्यावर आहे त्याला तो कळलाच पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व तुमच्या बाबतीत एका ‘पार्टनर’ शब्दाने पुसले गेले.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ‘गिग’, म्हणजे कायम नोकरीच्या चौकटीबाहेर कामागणिक मोबदला घेणारे, सुमारे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ (ॲपमार्फत काम करणाऱ्या) कामगारांची व्याख्या प्रथमच आली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी त्यात तरतूद आहे. विम्यासाठी हे उपयोगी आहे, पण आयडी का बंद झाला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

‘एक ठरावीक मालक नाही, म्हणून हक्क नाहीत’ हा युक्तिवाद मात्र महाराष्ट्राला नवा नाही. मार्केट यार्डातल्या हमालालाही तेच ऐकवले जाई: आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे, मग मालक कोण? त्यावर १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर काढले. मालक आणि कामगार दोघांचीही नोंद करणारे त्रिपक्षीय मंडळ नेमले, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मालकाने वर द्यायची ठरावीक टक्के रक्कम, त्या मंडळात भरायला लावली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार दिले. ज्या काळात पेढीवर हिशेबाची वही होती, तेव्हा हे जमले. आज प्रत्येक फेरीची मिनिटासह नोंद असताना जमणार नाही, असे सांगणे हास्यास्पद आहे. त्या मंडळांत आज दोषही पुष्कळ आहेत, पण ते उघड बोलता येतात.

आणि पुण्यात डॉ. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत आहे. १९९३ मध्ये उभी राहिलेली कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, आणि तिच्यातूनच आलेल्या, कचरावेचकांच्या मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. यांपैकी कोणाचाही मालक एका जागी बसलेला नव्हता. हॉटेलांबाहेर ऑर्डरची वाट पाहत तुम्ही जे दहा-पंधराजण उभे असता, त्यांनी आधी ब्लॉक झालेल्या आयडींची तारीख, वेळ आणि मिळालेले उत्तर एका वहीत लिहायला सुरुवात करावी आणि ती वही घेऊन यांच्यापैकी कोणाकडे तरी जावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकांपासून राजकारणाचे फॉरवर्ड आणि भांडणे थांबत नाहीत. मध्येच ग्रुपवर मतदान घेऊन ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ असेही ठरले. मी ग्रुप सोडावा का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : फॉरवर्ड ही करमणूक नव्हे, हे आपण २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले आहे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथे पाच भटक्या माणसांना ठार मारण्यात आले. त्यानंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्यात आली. पैशाचे मात्र तसे नाही. आपल्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही. त्यामुळे कोणाचा संदेश आपल्या मोबाईलवर दहा वेळा येणार, हे बरेचसे तिजोरी ठरवते. ती कोण भरतो हे मतदाराला कळले पाहिजे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले.

ग्रुप सोडू नका. लिफ्टचा विषय मात्र तिथून बाहेर काढा. ग्रुपवरचे अंगठे म्हणजे सहकारी संस्थेचा ठराव नव्हे. त्यासाठी नोटीस, विषयपत्रिका आणि सर्वसाधारण सभा लागते. सचिवांना तसे लेखी कळवा आणि सभेत विषय येईल तेव्हा, अकराव्या मजल्यावर जिने चढून जेवण गरम कसे पोचेल, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.