सेक्शन ८ च्या यादीत नाव घालताना

ताई, अमेरिकेत भाड्याच्या घरासाठी सरकारी मदत हवी असेल, तर एकाच कार्यालयावर विसंबून राहू नका. सेक्शन ८ व्हाउचरचा, म्हणजे भाड्याचा काही भाग भरणाऱ्या मदतीचा, पैसा केंद्र सरकारचा असला, तरी प्रतीक्षायादी बहुधा प्रत्येक स्थानिक सरकारी गृहनिर्माण कार्यालय (हाउसिंग अथॉरिटी) स्वतंत्रपणे ठेवते आणि ती कधीकधी मोजके दिवसच खुली असते. म्हणून आसपासच्या जितक्या याद्या खुल्या असतील, तितक्यांत अर्ज करा. अनुदानित इमारतींच्या याद्या बहुधा वेगळ्या असतात, तिथेही चौकशी करा. अर्जाला शुल्क नसते. ग्रीन कार्डावर अर्ज चालतो, एच-१बी व्हिसावर मात्र चालत नाही.

नंबर लागायला अनेकदा वर्षे जातात, आणि खरा घात तिथेच होतो. आम्ही घर बदलले, नवा पत्ता कळवायचा राहिला, त्यांचे पत्र जुन्या पेटीतच पडून राहिले आणि तीन वर्षे सांभाळलेले नाव यादीतून गेले. म्हणून फोन, पत्ता, उत्पन्न, कुटुंबातील माणसे, यांतला प्रत्येक बदल लेखी कळवून पोच जपून ठेवा. व्हाउचर हाती आल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. ते अपुरे वाटले, तर मुदत संपण्याआधीच वाढ मागा.