सासूबाईंच्याच डॉक्टरकडे गर्भनिरोधक गोळ्यांचं विचारायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नवीन लग्न झालंय, मूल इतक्यात नकोय, पण फॅमिली डॉक्टर सासरच्या सगळ्यांना वर्षानुवर्षं ओळखतात म्हणून विचारायला लाज वाटते, तर सरळ मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू केल्या तर चालेल का. मी भांडुपला जनरल प्रॅक्टिस करते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने सांगते.

गोळ्या वाईट नाहीत हो. पण मेडिकलवाला तुमचं बीपी बघणार नाही, आणि आम्ही तेच आधी बघतो. मग विचारतो की अर्धशिशीआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येतात का, पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, वय 35 च्या वर असेल तर सिगारेट ओढता का. यातलं एखादं असेल तर माला-एनसारख्या रोजच्या हार्मोनच्या गोळ्या नको, दुसरं काहीतरी. बस, एवढंच. आतून तपासणी लागत नाही, बऱ्याच जणी त्या भीतीनेच येत नाहीत.

आणि टीबी. मुंबईत हे विचारावंच लागतं, कारण कितीतरी मुली सासरी टीबी लपवून औषध घेत असतात आणि डॉक्टरलाही सांगत नाहीत. त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध गोळीतले हार्मोन्स लिव्हरमध्ये भराभर संपवतं, म्हणजे तुम्ही रोज नेमाने गोळी घ्या, तरी दिवस राहू शकतात. आय-पिलही, म्हणजे संबंधानंतर घ्यायची इमर्जन्सी गोळी, तिथे कमी पडते. फिटच्या काही औषधांचं पण तसंच. अशा वेळी तांबी नाहीतर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन बरं. (सर्दी-खोकल्याला देतात त्या साध्या अँटिबायोटिक्सने असं होत नाही, उगाच घाबरू नका.)

अजून एक गोंधळ, दर गणपतीत दिसतो. घरात पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात आणि समजतात की आता काही होणार नाही. ती नॉरएथिस्टेरोनची गोळी असते, त्या डोसमध्ये तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवता येत नाही. पाळी आली नाही म्हणजे सुरक्षित, असं नाहीये ते. आय-पिल पण इमर्जन्सीलाच, 72 तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी, दर वेळेस नाही.

आता सासूबाईंचं. पेशंटचं बोलणं डॉक्टरने बाहेर सांगायचं नाही हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतच आहे, तुम्ही सज्ञान आहात, नवऱ्याची सही वगैरे कोणी मागू शकत नाही. खरी अडचण वेगळीच असते, आमचे दवाखाने म्हणजे एवढासा गाळा, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि पलीकडे बाकावर अख्खी चाळ कान लावून बसलेली. म्हणून शेवटच्या नंबरला जा, एकट्या जा, तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा, माझ्याकडे चिठ्ठ्या येतात, त्यात विशेष काही नाही. तरीही नकोच वाटलं तर केईएम, सायन, नायर, कूपर, कुठल्याही पालिका हॉस्पिटलच्या ओपीडीत जा, तिथे तुम्हाला कोण ओळखतंय? माला-एन, तांबी, अंतरा, छाया सरकारी ठिकाणी फुकट मिळतं. छाया ही गोळी हार्मोनवाली नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची, रोजची कटकट नको असेल तर विचारून बघा.

गोळ्या बंद केल्यावर मूल राहत नाही असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. अंतरानंतर मात्र काही महिने उशीर होऊ शकतो, पुढच्या वर्षी हवं असेल तर ते घेऊ नका.

माला-एनची एक गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, दोन किंवा जास्त विसरलात तर सात दिवस कंडोमही वापरा, आणि त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर फाटतं.