वजन विचार, मग बाकीचं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. घरची जुनी व्हॅन देऊन छोटी स्पोर्टी गाडी घ्यायची की नाही, इथपासून कोणती घ्यायची इथपर्यंतचा सगळा गोंधळ एकाच पानावर उतरवला आहेस. खाली तीन गाड्यांचा तक्ता. बीएचपी, टॉर्क, शून्य ते शंभर किती सेकंदांत, टायरचा आकार, अगदी रंगसुद्धा. वजनाचा रकाना नाही! मग तक्ता केलास कशाचा?

हौस करावी की करू नये, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. तुला गाडी चालवायला आवडते, एवढं कारण पुरे आहे. पण हौस करायचीच तर वजन कळून कर.

सुरुवात व्हॅनपासून. गाडीच्या कागदपत्रांत दोन आकडे सापडतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे गाडीवर लादता येणारा भार. व्हॅनची वजाबाकी पाचशे-सहाशे किलोंच्या घरात येते, छोट्या दोन-आसनीची साधारण 200 ते 250. दोन धिप्पाड माणसं आणि दोन बॅगा चढल्या की कोटा संपला. आकडे ताडून बघताना एक फसगत टाळ. युरोपातल्या कागदावर 'चालू स्थितीतील वजन' म्हणून जो आकडा असतो त्यात 75 किलोचा चालक धरलेला असतो. इतर अनेक ठिकाणच्या आकड्यांत तो नसतो. एका गाडीचा हा आकडा आणि दुसरीचा तो घेतलास तर सगळी तुलना वाया.

आता महिनाभर व्हॅनमध्ये एक वही ठेव. दर खेपेला लिही: माणसं किती, मागच्या रांगेत कोण बसलं, सामान काय होतं, सीट पाडावी लागली का. महिन्याअखेरीस खेपांचे तीन ढीग पडतील. एक-दोन माणसांच्या, चार माणसांच्या, आणि सीट काढून कपाट नेण्याच्या. तिसऱ्या ढिगासाठी गाडी पाळायची नसते, ती त्या दिवसापुरती भाड्यानं आणायची असते. दुसरा ढीग आठवड्याला दोनदा वाढत असेल, तर दोन-आसनीचा नाद सोड आणि मागं खरोखर बसता येईल अशी जलद हॅचबॅक बघ. घरात लहान मूल असेल तर दोन-आसनी गाडीत पुढच्या सीटची एअरबॅग बंद करण्याची सोय आहे का, ते आधी तपास. चालू एअरबॅगसमोर मागं तोंड करून बसवलेली बालसीट कधीही लावायची नाही. यात तडजोड नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या तक्त्यातली सगळ्यात ताकदवान गाडी 200 एचपीची (एचपी म्हणजे इंजिनाची अश्वशक्ती), वजन (मीच शोधून काढलं) 1500 किलो. म्हणजे टनामागे 133 एचपी. तुलनेला 1976 ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय धर. ताकद 110 एचपी, वजन सुमारे 810 किलो, टनामागे 136. गणित जवळपास सारखं, पिकअपही सारखाच वाटेल. मग हलकी का घ्यायची? पिकअप हा गाडीचा एकच गुण आहे म्हणून. बाकी सगळ्याचं बिल वजनावर येतं. 950 किलोची गाडी ताशी 100 वरून थांबवताना ब्रेकला सुमारे 367 किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते, 1500 किलोची थांबवताना 579. ही सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. म्हणून जड गाडीला मोठी डिस्क लागते, मोठ्या डिस्कला मोठं चाक, मोठ्या चाकाला रुंद आणि महाग टायर, आणि ते सगळं हलवायला पुन्हा मोठं इंजिन. एक किलो दुसऱ्या किलोला बोलावून आणतो. पैसे मात्र तू मोजायचेस, दर टायरजोडीला आणि दर पॅडच्या सेटला.

हे माझं खूळ नाही. 1959 ची मिनी बघ. तिचा रचनाकार ॲलेक इसिगॉनिस, त्यानं इंजिन आडवं बसवलं, चाकं दहा इंची दिली, आणि त्याच गाडीच्या कूपर एस या जलद आवृत्तीनं 1964, 1965 आणि 1967 ला माँटे कार्लो रॅली जिंकली, कितीतरी मोठ्या इंजिनांच्या नाकावर टिच्चून. 1989 ची कापडी टपाची दोन-आसनी माझदा एमएक्स-5 सुमारे 950 किलोची, 1.6 लिटर, 115 एचपीच्या आसपास, टायर जेमतेम 185 रुंद आणि चौदा इंची. 2015 च्या चौथ्या पिढीतही वजन 1000 किलोंच्या आसपासच ठेवलंय. 1996 ची लोटस एलिस तर 725 किलोंच्या जवळपास. कागदावर यांतली एकही गाडी धाक दाखवत नाही. वळणावर बसून बघ.

तू म्हणशील, काका हट्टी आहेत, हलकी गाडी धडकेत मार खाते. खाते. दोन गाड्यांच्या टकरीत जड गाडीतल्या माणसाला कमी झटका बसतो, त्या भौतिकशास्त्राशी माझं भांडण नाही. म्हणूनच रोज वापरायला एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी सोय) नसलेली जुनी गाडी घेऊ नकोस. त्यापायी शंभर-दीडशे किलो वाढले तर ते किलो मला मान्य आहेत. युरोपात 2014 पासून प्रत्येक नव्या कारला स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचा आहे, तेव्हा त्या पुढच्या वर्षांच्या गाड्या आधी बघ. सनरूफ, विजेवर हलणाऱ्या सीटा, एकोणीस इंची चाकं यांनी वाढवलेले किलो मात्र मला मान्य नाहीत, आणि ते का मान्य करावेत हे अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांग, इंजिन गार हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर कोणीतरी काहीतरी लपवायला आधीच चालू करून ठेवलंय असं समज आणि दुसऱ्या दिवशी ये. गार इंजिन चालू होताना टायमिंग चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर संपत आलाय. चेनऐवजी बेल्ट असेल तर कधी बदलला त्याची पावती माग. तोंडी 'बदललाय' चालत नाही, कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केट गेलं असण्याची दाट शक्यता. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते तुलनेनं स्वस्तात सुटतं.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावतेस तेव्हा नुसते एरर कोड बघून खूश होऊ नकोस. कोड पुसता येतात. 'रेडिनेस मॉनिटर' उघड, म्हणजे गाडीनं स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारं पान. बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. गाडी आवडलीच असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी, करून घे. इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असले पाहिजेत. एकटाच खाली असेल तर त्यात छोटा चमचाभर ऑइल टाकून परत मोज. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही आला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

पत्रा बघताना लोक बॉनेटच्या चकाकीवर भाळतात. तू गुडघ्यावर बस. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या सिलच्या पत्र्यावरून, मागच्या चाकाकडे हळूहळू सरकव. जिथं ते एकदम सुटून खाली येईल तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. (पहिल्या एमएक्स-5 च्या बॉनेटवर चुंबक मुळातच चिकटत नाही, ते ॲल्युमिनियमचं आहे. तिथं दचकू नकोस. वजन वाचवायलाच तसं केलंय!) कापडी टपाच्या गाडीत पाण्याची एक बाटली बरोबर ने. टप थोडा उघड, सीटमागच्या कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकात हळूहळू पाणी ओत, आणि खाली वाकून बघ. मागच्या चाकाच्या पुढं जमिनीवर धार पडली पाहिजे. पडली नाही तर भोक पानांनी आणि चिखलानं तुंबलंय, पाणी सिलच्या पोटात साचतंय, आणि पत्रा आतून सडतोय. वरून रंग झकास असतो. टपाचं कापड बदलता येतं. कुजलेल्या सिलला कापून वेल्डिंग करावं लागतं.

चालवताना दोन गोष्टी नक्की कर. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. आरपीएमचा काटा चढला आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. मग इंजिन-गिअरबॉक्स गार असतानाच तिसऱ्यावरून दुसऱ्यात उतर. कर्रर्र झालं तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारा भाग) झिजलाय. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरताना कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर दहा वर्षांचा, असं असेल तर गाडी चालली कमी आणि उभी जास्त राहिली. रबर कडक झालंय, ओल्यात पकड नाही. चारी टायरचा खर्च भावातून वजा कर. स्प्रिंग कापून खाली बसवलेली, रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदललेली) गाडी कितीही सुंदर दिसो, तिला हातही लावू नकोस. त्या मालकानं इंजिन कसं वापरलंय ते रिमॅपच सांगतंय.

व्यवहाराचं थोडक्यात. व्हॅन बदल्यात देणार असशील तर डीलरशी दोन भाव वेगवेगळे ठरव. आधी नव्या गाडीचा, तोही लेखी, आणि मगच व्हॅनचा विषय काढ. दोन्ही एकत्र बोललीस की एकात दिलेलं दुसऱ्यात काढून घेतात, आणि 'तुमच्यासाठी' म्हणून हसतात. व्हॅनवर कर्ज बाकी असेल आणि ते तिच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर ती तूट नव्या कर्जात घालून देण्याची गोड सूचना येईल. नाही म्हण. जी गाडी तुझी राहिलीच नाही तिचे हप्ते पुढची वर्षं भरायचे? विकण्याआधी व्हॅनचं मोठं काम काढू नकोस, तो खर्च भावात परत येत नाही. बल्ब, वायपर, सरकत्या दाराचे रोलर, आतली स्वच्छता आणि सर्व्हिसच्या पावत्या लावलेली फाइल एवढं कर. आणि विम्याचा आकडा गाडी ठरवण्याआधी माग, नंतर नाही. तरुण चालक आणि जास्त एचपी ही जोडी विमा कंपन्यांना महागातच दिसते. हलकी, कमी ताकदीची गाडी इथंही तुझ्या बाजूनं उभी राहते.

घेतल्यावर पहिला खर्च ब्रेक ऑइलवर. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट 4 या दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा मुरल्यावर तोच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो, मग उतारावर ब्रेक तापले की ऑइल उकळून पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदल. मोठी अलॉय चाकं मात्र बसवू नकोस. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते प्रत्येक खड्ड्यात तुला जाणवतं आणि दर वेळी ते फिरवायलाही लागतं. डिकीतलं व्हॅनच्या काळातलं सामान तिथंच सोडून ये.

तुझा,
काका

ता. क. व्हॅनची एक सवय मोडायला वेळ काढ. वळणात वेग जास्त वाटला की तू ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलतेस. व्हॅनमध्ये नुसतं नाक खाली जातं. आखूड व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या) हलक्या गाडीत तेवढ्यानं वजन पुढच्या चाकांवर धावतं, मागची चाकं हलकी पडतात आणि गाडी शेपूट फिरवते. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी कर, आणि वळणात पाय हलकासा दाबून स्थिर ठेव. जाणता माणूस शेजारी बसवून, रिकाम्या ओल्या पटांगणावर, तीस-चाळीसच्या वेगात पाय झटकन उचलून मुद्दाम बघ. आधी स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेवून, मग बंद करून.